विजेचा हिशोब ठेवणारे यंत्र चुकते तेव्हा

कापडाच्या पेढीवर मीटर हा शब्द दिवसातून शंभर वेळा उच्चारला जातो, परंतु तो लोखंडी पट्टीचा. दुसरा मीटर जिन्याखाली धुळीत लटकलेला असतो व महिन्यातून एकदा बिल हाती पडले की त्याची आठवण होते. बिल पाहून दुकानदार कपाळाला हात लावतो, वायरमनला बोलावतो, वायरमन दोन बल्ब बदलून, चहा पिऊन जातो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तोच तमाशा. उधारीची वही आपण रोज लिहितो, मग विजेचीच का नको, असा विचार करून गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी पुष्कळांनी घरात व दुकानात एनर्जी मॉनिटर नावाचे छोटे यंत्र बसवून घेतले आहे. आम्हीही घेतले. त्याचा फायदा झाला, आणि त्याच्यामुळे एका गरीब कारागिराचे नुकसानही आमच्या हातून झाले. ते कसे झाले व तसे होऊ नये म्हणून यंत्राची पारख कशी करावी, हे व्यापारी बंधूंना सांगावे म्हणून हा लेख.

प्रथम यंत्र काय आहे ते पाहू. मेन स्विचनंतरच्या फेजच्या वायरीवर एक उघडमीट करणारा चिमटा बसवतात. त्याला करंट ट्रान्सफॉर्मर किंवा थोडक्यात सीटी म्हणतात. वायर कापावी लागत नाही. वायरीतून वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते, चिमट्याच्या पोटातील लोखंडी किंवा फेराइटचे कडे ते क्षेत्र पकडते व कड्यावर गुंडाळलेल्या बारीक तारेत त्याच प्रमाणात लहानसा प्रवाह निर्माण होतो. १०० अँपिअरला ५० मिलिअँपिअर, हे एक नेहमीचे प्रमाण. म्हणजे दोन हजारास एक. यंत्र दुसरीकडून व्होल्टेज मोजते, दोन्ही आकड्यांचा क्षणोक्षणी गुणाकार करते आणि वॅट व युनिट काढून वाय-फायने मोबाईलवर पाठवते. एवढीच करामत. उर्दू शाळेत विजेला आम्ही बर्क म्हणायला शिकलो, पण बर्कचा हिशोब असा खिशात घेऊन फिरता येईल हे त्या वेळी आमच्या मास्तरांनाही खरे वाटले नसते.

घराच्या बिलात १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० पर्यंत दुसरा, मग ३०१ ते ५०० आणि त्यापुढे आणखी चढा, अशा पायऱ्या असतात. आज महिन्याची किती तारीख आणि आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत, हे घरात कळले तर गीझरचे बटण आपोआप लवकर बंद होते. दुकानात कोणता एसी रात्रभर चालू राहिला, तेही कळते.

आता आमची गोष्ट. पनवेलच्या बाजारपेठेत खाली आमचे दुकान आणि दुकानाच्या पोटमाळ्यावर एक शिंपी मास्टर बसतात. तीन मोटारीच्या मशिनी व एक इस्त्री. गिऱ्हाईक आमच्याकडून कापड घेते आणि वर जाऊन माप देते, असा अनेक वर्षांचा दस्तूर. त्यांची वीज आमच्या दुकानाच्याच व्यापारी मीटरवरून जाते. पूर्वी आम्ही अंदाजाने ठराविक रक्कम घेत असू. यंत्र आल्यावर मेनच्या तिन्ही फेजवर मोठे चिमटे आणि मास्टरांच्या लाईनवर एक छोटा चिमटा बसवला, आणि महिन्याअखेरीस त्यांचे जितके युनिट पडतील तितकेच पैसे, जो दर आम्हांस पडला त्याच दराने घ्यायचे असे ठरले. पहिले काही महिने त्यांचा वापर ९४, ९७ असा येत राहिला. मास्टर खूश, आम्हीही खूश.

एके दिवशी सकाळी मोबाईलवर सूचना आली की यंत्रासाठी नवे फर्मवेअर आले आहे, बसवावे काय? आम्ही हो म्हणून बोट लावले. पाच मिनिटांनी यंत्र पुन्हा सुरू झाले, आकडे दिसू लागले, आम्ही गिऱ्हाइकाकडे वळलो. त्या महिन्यात मास्टरांचे १९१ युनिट झाले, पुढच्या महिन्यात १८७. सणाचे काम होते, म्हटले मशिनी जास्त चालल्या असतील. कंपनीच्या बिलाशी यंत्राचा एकूण आकडा ताडून पाहिला तर तोही बरोबर जुळला. उलट एकूणातून मास्टरांचे युनिट वजा केल्यावर आमचा वाटा कमी झालेला पाहून आम्हांस बरेच वाटले. मास्टरांनी एक शब्द न बोलता दोन्ही महिन्यांचे पैसे दिले.

तिसऱ्या महिन्यात पोटमाळ्यावरून कोळशाचा वास येऊ लागला. वर जाऊन पाहतो तो मास्टर जुन्या पितळी इस्त्रीत निखारे भरीत बसलेले. खाली कापडाचे तागे आणि वर निखारे! आम्ही रागावूनच विचारले, "मास्टर, हे काय आरंभलंय? आग लावायची आहे का दुकानाला?" ते म्हणाले, "शेठ, तुमच्या विजेची इस्त्री आता परवडत नाही. तुम्ही लिहिलंय ते बरोबरच असेल, म्हणून काही बोललो नाही."

त्याच संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर आम्ही परीक्षा घेतली. ती कशी घेतली हे सविस्तर सांगतो, कारण ज्याच्याकडे असे यंत्र आहे त्याला ती स्वतः करता येते व तिला एक पैसाही लागत नाही. कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. मीटरच्या पाटीवर लिहिलेले असते की एका युनिटला तो किती वेळा लुकलुकेल. पुष्कळ मीटरवर हा आकडा ३२०० असतो, काहींवर १६०० किंवा दुसरा काही असतो. आपल्या पाटीवर जो असेल तो घ्यावा. दुकानातील सारे दिवे, पंखे, फ्रिज, राऊटर बंद केले आणि फक्त मास्टरांच्या लाईनवर पाणी तापवण्याचा १००० वॅटचा रॉड बादलीत घालून चालू केला. इस्त्री या कामाला चालत नाही. ती तापली की आतल्या आत बंद-चालू होत राहते व हिशोब फसतो. भार स्थिर पाहिजे.

घड्याळ लावून एक मिनिट दिवा मोजला. ४६ वेळा लुकलुकला. मिनिटाला ४६ म्हणजे तासाला २७६०, त्याला ३२०० ने भागले की सुमारे ०.८६ युनिट, म्हणजे रॉड ८६० वॅटच्या आसपास वीज घेत होता. १००० का नाही? कारण रॉडवर लिहिलेले वॅट २३० व्होल्टचे. संध्याकाळी आमच्याकडे २१५ व्होल्ट मिळत होते, आणि व्होल्टेज कमी झाले की रॉडचे वॅट त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटतात. २१५ ला ते ८७४ च्या घरात येतात. तेव्हा रॉड खरे बोलत होता, कंपनीचा मीटर खरे बोलत होता. आणि आमचे यंत्र? मेनच्या चिमट्यांची बेरीज ८७० दाखवीत होती. मास्टरांच्या चिमट्याचा आकडा होता १७३०. दुप्पट.

कारण असे निघाले. मेनचे चिमटे १०० अँपिअरचे, दोन हजारास एक या प्रमाणाचे. मास्टरांच्या लाईनवरचा छोटा चिमटा ५० अँपिअरला ५० मिलिअँपिअर देणारा, हजारास एक. बसवताना ज्याने बसवले त्याने यंत्रात तशी नोंद केली होती. नव्या फर्मवेअरने जुन्या नोंदी पुसून सर्व चिमटे कारखान्याच्या मूळ नोंदीवर, म्हणजे १०० अँपिअरवर नेऊन ठेवले. मेनचे आकडे त्यामुळे जसेच्या तसे बरोबर राहिले, आणि एकूण बिल जुळत असल्याने संशयाला जागाच उरली नाही. गज आखूड करून कापड मोजणाऱ्याला आपण काय म्हणतो ते लिहायला नको. आमचा गज एका बोटाच्या दाबाने बदलला होता आणि आम्ही त्याच गजाने दोन महिने माप घेत होतो. दोन महिन्यांचे ३७८ युनिट घेतले, खरे होते १८९.

फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या चिपमध्ये कायम लिहिलेला कार्यक्रम. संगणकातील कार्यक्रम आपण उघडतो व बंद करतो, हा मात्र वीज आली की आपसूक सुरू होतो. कंपन्या तो बदलतात त्याला कारणे असतात. कुठे चूक दुरुस्त होते, कुठे वाय-फायची सुरक्षा वाढते. सबब अपडेट करूच नये असे आमचे म्हणणे नाही. परंतु अपडेटपूर्वी यंत्राच्या प्रत्येक सेटिंगचा मोबाईलवर फोटो काढावा किंवा वहीत उतरून घ्यावे: चिमट्याचे अँपिअर, व्होल्टेजची दुरुस्ती, कोणता चिमटा कोणत्या फेजचा, घड्याळाची वेळ. अपडेटनंतर एकेक ओळ ताडून पाहावी आणि वर सांगितलेली रॉडची परीक्षा प्रत्येक चिमट्यावर एकदा करावी. महिन्याच्या शेवटच्या दिवशी तर अपडेट मुळीच करू नये. रीडिंग लिहून झाले की दुसऱ्या दिवशी करावे.

घड्याळाची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. ही यंत्रे आतून जागतिक वेळ धरतात व तीत साडेपाच तास मिळवून आपली वेळ दाखवतात. ती नोंद पुसली गेली तर यंत्राचा दिवस रात्री बाराऐवजी पहाटे साडेपाचला सुरू होतो. एकूण युनिट बरोबर राहतात, पण रोजचे आकडे भलत्या तारखेला पडतात. रमजानमध्ये सेहरीच्या वेळचा वापर आदल्या दिवसात दिसू लागला म्हणून एका स्नेह्याने यंत्रच परत केले होते. बिघाड एवढाच होता.

अपडेट मध्येच अडकले तर? बऱ्याच चांगल्या यंत्रांत कार्यक्रम ठेवण्याच्या दोन जागा असतात. जुना कार्यक्रम एका जागेत चालू असतो, नवा दुसऱ्या जागेत उतरतो, पूर्ण उतरून तपासला गेला तरच यंत्र त्याच्यावर जाते. मध्ये वीज गेली तर जुनाच शाबूत राहतो. काही स्वस्त यंत्रांत एवढी जागा नसते. मुलांमध्ये लोकप्रिय असलेला टास्मोटा नावाचा मोफत कार्यक्रम अशा लहान चिपवर दोन पायऱ्यांनी चढतो. आधी एक छोटा हंगामी कार्यक्रम, मग मोठा. मधल्या काळात यंत्र अर्धवट दिसते. त्या वेळी घाबरून बटणे दाबणारे लोक यंत्र मारून टाकतात. दिवा चमकत असेल तर निदान पंधरा मिनिटे हात बांधून बसावे.

पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. म्हणून ढग दाटलेले असताना किंवा दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा दिवस जाहीर झालेला असताना हे काम काढू नये. काही जण यंत्रच इन्व्हर्टरवर जोडतात. अपडेटपुरते ते ठीक आहे, परंतु कायमचे नको. अनेक यंत्रे ज्या वायरीवर चालतात तिचेच व्होल्टेज मोजतात. इन्व्हर्टरचे व्होल्टेज आणि मेनचे व्होल्टेज एक नव्हे.

यंत्र मोबाईलवर दिसेनासे झाले की लोक म्हणतात जळाले. शंभर वेळा विचारावे, घरात नवा राऊटर आला काय? पासवर्ड बदलला काय? ही यंत्रे बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरच चालतात. नव्या राऊटरने ५ गिगाहर्ट्झचीच वाट उघडी ठेवली असेल तर यंत्राला दरवाजाच सापडत नाही. शिवाय यंत्र लोखंडी पेटीत बंद असते आणि लोखंडातून लहर नीट बाहेर पडत नाही. पेटीचे झाकण उघडल्याबरोबर यंत्र जिवंत झाले तर दोष यंत्राचा नाही, पेटीचा आहे. हे सारे पाहून झाल्यावर मग रिसेटचे बटण. तेही जपून. थोडा वेळ दाबले तर यंत्र फक्त पुन्हा सुरू होते, बराच वेळ दाबून धरले तर बहुतेक यंत्रे सर्व नोंदी पुसून कारखान्याच्या स्थितीत जातात. म्हणजे पुन्हा आमच्यासारखी गत.

अगदीच मेलेले यंत्र वायर जोडून संगणकावरून पुन्हा लिहिता येते. मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर त्याची लहानशी पट्टी मिळते, आणि ती ३.३ व्होल्टची घ्यावी लागते, ५ ची नव्हे. आमच्या भाच्याने असे केले आहे. परंतु एक गोष्ट जिवावरची आहे. स्वस्त यंत्रांत आतला नाजूक भाग मेनच्या विजेपासून वेगळा केलेला नसतो. ज्या टोकावर ३ व्होल्ट लिहिले आहेत, त्याच टोकावर जमिनीच्या मानाने २३० व्होल्ट असू शकतात. यंत्र मेनला जोडलेले असताना संगणकाची वायर लावली तर संगणक जाईल, कदाचित माणूसही. यंत्र पूर्ण सोडवून टेबलावर आणावे, मगच हात लावावा.

आता चिमट्याचे दोष. हे सर्वांत अधिक व सर्वांत सोपे. चिमट्यात फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही वायरी घातल्या तर आकडा शून्य येतो, कारण जाणारी व येणारी वीज एकमेकींना खाऊन टाकतात. एकच वायर घालावी. चिमटा पूर्ण मिटला पाहिजे, कट्ट असा आवाज आला पाहिजे. दोन अर्ध्या कड्यांच्या मध्ये केसाएवढी फट राहिली तरी आकडा कमी येतो. आपल्या कापडवाल्यांच्या दुकानात ही फट कशाने पडते सांगू? सुताच्या तंतूंनी. तागे झटकले की जे बारीक रोम उडतात ते मेनच्या पेटीत जातात व चिमट्याच्या तोंडावर बसतात. शिंप्याच्या किंवा लूमच्या जागेत तर विचारूच नका. वर्षातून दोनदा वीज बंद करून चिमटा उघडावा, कोरड्या मऊ कापडाने दोन्ही तोंडे पुसावीत. खाडीकडच्या दमट हवेने लोखंडी तोंडावर गंज चढतो, तोही पाहावा.

चिमट्यावर बाण असतो. उलटा बसला की वॅट उणे दिसतात. उलटा करून घातला की झाले. पण थांबा, तीन फेजच्या दुकानात उणे दिसण्याचे दुसरेही कारण असते आणि ते लबाड आहे. चिमटा आर फेजवर आणि यंत्राला व्होल्टेज मात्र वाय फेजचे दिलेले, असे झाले तर दोन्हींत १२० अंशांचा फरक पडतो आणि रॉडसारख्या साध्या भाराचे वॅट खऱ्याच्या निम्मे व उणे दिसतात. वायरमन म्हणतो बाण उलटा आहे. चिमटा फिरवतो. उणे जाऊन अधिक येते, सर्वांना समाधान वाटते, आणि यंत्र जन्मभर निम्मे मोजत राहते. म्हणून चिमटा फिरवल्यानंतर रॉडची परीक्षा केल्याशिवाय वायरमनला पैसे देऊ नयेत. रॉडवर पॉवर फॅक्टर १ च्या अगदी जवळ दिसला पाहिजे. ०.५ दिसला तर फेज चुकला आहे असे समजावे.

भिवंडी-मालेगावच्या लूमवाल्या बंधूंसाठी एक इशारा. मोठ्या पॅनलमध्ये ५ अँपिअर बाजूचे जे भक्कम सीटी असतात, त्यांच्या तारा भार चालू असताना कधीही सोडू नयेत. वाट तुटली की त्या टोकांवर फार मोठे व्होल्टेज चढते, ठिणगी उडते, सीटी फुटू शकतो. घरगुती लहान चिमट्यांपैकी पुष्कळांच्या आत संरक्षण बसवलेले असते, परंतु सर्वांच्या नसते. तेव्हा आधी चिमटा वायरीवरून काढावा, मग त्याची पिन यंत्रातून काढावी. हा क्रम लहान मुलासही पाठ करून द्यावा.

यंत्र खरोखर जळते ते बहुधा न्यूट्रल तुटल्याने. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल सुटला की एखाद्या फेजवर ३०० च्या वर, वाईट वेळी ४०० च्या जवळ व्होल्ट येतात आणि आतला निळा किंवा पिवळा चकतीसारखा भाग काळा पडून फुटतो. तो स्वतः मरून इतरांना वाचवण्यासाठीच असतो. तो व फ्यूज बदलला तर यंत्र अनेकदा उठते. दुसरा नेहमीचा रोगी कपॅसिटर. त्याचे डोके फुगलेले दिसते आणि यंत्र दर काही मिनिटांनी आपोआप पुन्हा सुरू होते. पावसाळ्यानंतर तांब्याच्या टोकांवर हिरवा थर, मुंग्यांचे घर, कधी पेटीत वाळलेली पाल, हेही आम्ही पाहिले आहे. पेटीची खालची भोके बंद करावीत, वायरीसाठी रबरी घड्या घालाव्यात.

यंत्र घेताना दुकानदारास एक प्रश्न अवश्य विचारावा: कंपनीचा सर्व्हर बंद पडला तर हे चालेल काय? गुगलसारख्या कंपनीने पॉवरमीटर नावाची अशीच सेवा सुरू केली होती, ती १६ सप्टेंबर २०११ रोजी बंद केली. मायक्रोसॉफ्टची होम नावाची सेवा २०१२ मध्ये बंद झाली. एवढ्या बड्या पेढ्यांचे हे हाल, तर छोट्या कंपनीचा काय भरवसा? याउलट ब्रिटनमधील वेल्समध्ये ओपनएनर्जीमॉनिटर नावाचा एक उपक्रम आहे. त्यांनी यंत्राचा नकाशा व कार्यक्रम दोन्ही सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. तशा यंत्राचा हिशोब आपल्याच घरात राहतो. मात्र ज्यात मोबाईलसारखे छोटे मेमरी कार्ड असते, ते कार्ड सतत लिहून लिहून झिजते, त्याची नक्कल काढून ठेवणे जरुरीचे आहे. आम्ही तर महिन्याच्या १ तारखेला कंपनीच्या मीटरचे रीडिंग शाईने वहीत लिहितो. त्या वहीला अपडेट लागत नाही.

आजकाल कंपनी जे स्मार्ट मीटर बसवते ते वेगळे. त्यासाठी आय. एस. १६४४४ हे भारतीय मानक आहे, आणि त्याचे फर्मवेअर दुरून बदलण्याची सोय असली तरी ते काम कंपनीचे आहे, आपले नाही. त्याच्या सीलला हात लावणे २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १३५ खाली अंगाशी येऊ शकते. आपला चिमटा नेहमी मीटरनंतर, आपल्या मेन स्विचच्या पुढे बसवावा. त्याचप्रमाणे घराच्या मीटरवरून दुकानाला वायर ओढणे हा कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो. अनेकांच्या जुन्या घरांत आजोबांच्या काळापासून अशा वायरी आहेत, त्या यंत्र बसवताना उघडकीस येतात. आल्या की तेव्हाच काढून टाकाव्यात.

कंपनीच्याच मीटरवर शंका असेल तर रॉडची परीक्षा करून लेखी अर्ज द्यावा. केंद्राच्या वीजग्राहक हक्क नियमांत २०२४ मध्ये दुरुस्ती झाली आहे. रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार आल्यास कंपनीने पाच दिवसांत पडताळणीसाठी जादा मीटर बसवावा आणि किमान तीन महिने वापर ताडून पाहावा, असे त्यात आहे. तेवढ्याने दाद न मिळाल्यास ग्राहक तक्रार निवारण मंच व त्यानंतर विद्युत लोकपाल. आपल्या यंत्राचा आकडा तेथे पुरावा म्हणून फारसा उपयोगी नाही, पण कोणत्या तासाला काय घडले हे दाखवायला कामी येतो.

मास्टरांकडे आम्ही १८९ युनिटांचे पैसे घेऊन वर गेलो, वही उघडून दाखवली, चूक कशी झाली ते सांगितले. त्यांनी पैसे मोजून घेतले आणि विचारले, "शेठ, मागच्या वर्षीही एकदा ते यंत्र तुम्ही बदलून घेतलं होतं ना? तेव्हाचंही बघा." आम्ही पाहिले. त्या वेळचे आकडे बरोबर होते. ९० च्या घरातले. त्यांना फोटो दाखवला तेव्हा त्यांनी मान हलवली.

आता त्यांच्या लाईनवर आय.एस.आय. मार्काचा वेगळा सबमीटर आहे. त्याचे आकडे जिन्यातून जाता-येता कोणालाही दिसतात, १ तारखेला आम्ही दोघे मिळून लिहितो व दोघेही सही करतो. एनर्जी मॉनिटर अजून आहे, पण तो एसीवर आणि आमच्या धाकट्या मुलावर नजर ठेवण्यासाठी. कोळशाची इस्त्री मास्टरांनी फेकलेली नाही. पोटमाळ्याच्या फळीवर ती ठेवलेली आहे, रिकामी.